भाषा वाहते की वळवली जाते?

'भाषा ही वाहती नदी आहे' हे वाक्य अलीकडे फार स्वस्त झाले आहे. घरातला मुलगा मराठी वाक्य रोमन लिपीत लिहू लागला, वृत्तवाहिनीवरची निवेदिका 'मला मदत करा' ऐवजी 'माझी मदत करा' म्हणू लागली, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर 'सेव्ह द डेट' झळकू लागले आणि कोणी त्याबद्दल खंत व्यक्त केली, की हे वाक्य लगेच त्याच्या तोंडावर फेकले जाते. नदी वाहणारच, तिला बांध घालणारे तुम्ही कोण? प्रश्न विचारणारा पुरोगामी ठरतो, खंत करणारा प्रतिगामी ठरतो आणि चर्चा तिथेच संपते.

हा युक्तिवाद ज्यांना करायचा असेल त्यांनी तो नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यात जाऊन करावा. नदी म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पावसाळ्यात या डोंगरांवर धो धो कोसळणारे पाणी नार-पारच्या वाटेने पश्चिमेला गुजरातेत उतरते आणि सागराला मिळते. उन्हाळ्यात त्याच डोंगरांतल्या बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. हे पाणी कुठे न्यावे, यावर वर्षानुवर्षे वाद झडले आहेत. एका योजनेत ते तापी-नर्मदेकडे जायचे होते. दुसरी नार-पार-गिरणा योजना ते उपसून, डोंगराच्या पोटातून गिरणा खोऱ्यात नेणार आहे. तिला राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजुरी दिली. नदी उताराने वाहते हे खरे, पण नकाशा, निधी आणि यंत्र ज्याच्या हाती असते तो तिला वळवतोही, हे सुरगाण्याला ठाऊक आहे.

भाषेचेही नेमके तसेच आहे. मोबाईल आणि समाजमाध्यमे यांमुळे आपल्या रोजच्या बोलण्या-लिहिण्यात जो बदल होतो आहे, तो निसर्गाचा प्रवाह नाही. तो काढलेला पाट आहे. त्याचा उतार कोणीतरी ठरवला आहे. ज्याने ठरवला त्याने मराठीचे वाईट चिंतले होते असे नाही. त्याने मराठीचा विचारच केला नव्हता. आणि आपण, ज्यांनी विचार करायचा, ते नदीचे सुभाषित म्हणत काठावर बसून राहिलो.

सत्तर अक्षरांचा हिशेब

मराठी माणूस रोमन लिपीत मराठी का लिहू लागला? आळसामुळे की इंग्रजीच्या हव्यासापोटी? दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. खरे उत्तर मोबाईलच्या पहिल्या पिढीत दडले आहे. त्या काळच्या एका लघुसंदेशात रोमन लिपीची 160 अक्षरे मावत. देवनागरीची अवघी 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, उकार हे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजले जाई. 'सुरगाणा' हा डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द यंत्राच्या लेखी सात अक्षरांचा. म्हणजे जो निरोप रोमनमध्ये एका संदेशाच्या पैशात जाई, त्याला देवनागरीत दोन किंवा तीन संदेशांचे पैसे पडत. शिवाय समोरच्याच्या यंत्रात देवनागरी उमटेल की नुसते चौकोन दिसतील, याची शाश्वती नसे.

मध्यमवर्गीय मराठी माणूस हिशेबी. त्याने रोमन लिपी पत्करली. पुढे इंटरनेट आले, संदेश जवळपास फुकट झाले, देवनागरी प्रत्येक यंत्रात आली. 2017 पासून तर मराठीत नुसते बोलावे आणि यंत्राने ते लिहून द्यावे, ही सोयही आली. जुनी अडचण संपली, पण सवय उरली. बैल नसला तरी जू मानेवर तसेच राहिले! ज्याला आपण 'काळाचा प्रवाह' म्हणतो, तो एका जुन्या दरपत्रकाचा अवशेष आहे.

या सवयीची किंमत काय? रोमन लिपीत 'ल' आणि 'ळ' एक होतात. 'न' आणि 'ण' एक होतात. 'त-ट', 'द-ड' यांची सरमिसळ होते. काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ, मन आणि मण यांतला भेद डोळ्यांना दिसेनासा होतो. जो भेद डोळ्यांना दिसत नाही, तो काही वर्षांनी कानांनाही ऐकू येईनासा होतो. 'ळ' हे मराठीचे वैभव आहे. आज प्रमाण हिंदीत ते नाही. दिवसभर रोमन वाचणारे आणि हिंदी ऐकणारे मूल जर 'वेल झाली' असे लिहू लागले, तर दोष एकट्या मुलाचा कसा?

'बाऱ्हे' लिहून दाखवा

सुरगाणा तालुक्यात बाऱ्हे नावाचे गाव आहे. परिसरातील अनेक वाड्या-पाड्यांचे ते बाजारहाटाचे ठिकाण. या गावाचे नाव मोबाईलवर लिहून पाहावे. मराठीतला तो आडव्या रेघेचा अर्धा 'र', जो वाऱ्यात आहे, झऱ्यात आहे, गोऱ्ह्यात आहे, तो हिंदीला लागत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या कळपट्ट्यांवर तो सहज सापडत नाही. घाईतला माणूस 'ह'च्या डोक्यावर रफार चढवून मोकळा होतो. गावाचे नाव बदलते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

हा काही व्याकरणवाल्यांचा सोवळेपणा नव्हे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. सुरगाण्याला दऱ्या आहेत, दर्या नाही. एवढा फरक मराठी लिपी एका रेघेने दाखवते. तो फरक राखण्यासाठी शासनाने 6 नोव्हेंबर 2009 रोजी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे प्रमाणित करणारा निर्णय काढला. निर्णय दप्तरात आहे. कळपट्टी मात्र बाजारातून येते आणि बाजार मोठ्या गिऱ्हाईकाचे ऐकतो. गिऱ्हाईकाने मागणी केली तर तो बदलतो, हेही खरे. पण त्यासाठी गिऱ्हाईकाने तोंड उघडावे लागते.

यादीत नसलेली बोली

इथवर मराठीचे दुखणे सांगितले. परंतु सुरगाण्याचे दुखणे याहून खोल आहे. हा तालुका प्रामुख्याने जनजातींचा. लोकसंख्येत त्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक. घराघरांत कोकणा समाजाची कोकणी, म्हणजेच कुकणा बोली. वारली, शिवाय डांगकडची बोली. शाळेत प्रमाण मराठी, बाजारात सीमेपलीकडची गुजराती, आणि आता हातातल्या पडद्यावर हिंदी. एका मुलाच्या जिभेवर चार-पाच भाषांची वर्दळ. एरवी हे वैभव मानायला हवे होते.

या मुलाने नवा मोबाईल उघडला की यंत्र पहिला प्रश्न विचारते: तुझी भाषा कोणती? समोर यादी येते. इंग्रजी, हिंदी, मराठी, गुजराती. काही यंत्रांत 'कोंकणी'ही असते. मूल हरखते, पण ती गोव्याची कोंकणी, त्याची नव्हे. नाव सारखे, भाषा वेगळी. त्याची बोली यादीत नाहीच.

यादीत नाव असणे वा नसणे ही क्षुल्लक बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या मुलखाचा इतिहास आठवावा. ग्रियर्सनने 1907 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा सर्वेक्षणाच्या खंडात डांगी बोली खानदेशीच्या घरात नोंदवली होती. स्वातंत्र्यानंतर डांगी ही मराठीची बोली की गुजरातीची, यावर रण माजले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांनी 1949 मध्ये डांगचा दौरा केला आणि ही बोली गुजरातीला जवळची असल्याच्या त्यांच्या मतावर महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. नाशिकच्या डांग सेवा मंडळाचे दादासाहेब बिडकर डांग महाराष्ट्रात राहावा म्हणून झुंजले. अखेर 1 मे 1960 रोजी डांग गुजरातेत गेला आणि 1948 मध्ये विलीन झालेल्या संस्थानाचे गाव सुरगाणा महाराष्ट्राच्या काठावर उरले. एका डोंगरातल्या बोलीचे नाव कोणत्या रकान्यात लिहायचे, या वादाची सावली राज्याच्या सीमेवर पडली. आजही जनगणनेच्या भाषासूचीत कोकणा-कुकणा ही भिली गटाखाली मोजली जाते. तेव्हा रकान्यावरून भांडायला माणसे तरी होती. आज मोबाईलच्या यादीत रकानाच नाही आणि त्यावरून कोणी हूं की चूं करीत नाही.

डिसेंबर 2022 मध्ये सुरगाण्यातील काही गावांनी 'आम्हाला गुजरातेत घाला' अशी मागणी केली, तेव्हा मुंबई-पुण्याला एकदम जाग आली. त्या मागणीमागे रस्ते, पाणी, आरोग्य यांची वंचना होती. पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या भाषेच्या नावाने हे राज्य उभे राहिले, त्या भाषेचा बंध या गावांना धरून ठेवायला पुरेसा वाटला नाही. 'आपली मराठी' म्हणताना त्या 'आपली'मध्ये आपण उंबरठाण, पळसन, बाऱ्हे यांना कधी धरले होते का?

यंत्र जेव्हा मास्तर होते

पूर्वी बोली बोलणाऱ्या मुलाला 'असं नाही, असं म्हण' म्हणून टोकणारा मास्तर शाळेपुरता होता. घंटा झाली की मूल पाड्यावर परतून आपल्या बोलीत श्वास घेई. आजचा मास्तर खिशात असतो. मूल बोलीतला शब्द लिहू लागले, की यंत्र त्याच्याखाली लाल रेघ ओढते किंवा परस्पर दुसराच शब्द बसवते. बोलून लिहू गेले, तर बोली न समजल्याने भलतेच काहीतरी उमटते. यंत्राला राग नाही, द्वेष नाही. त्याला जे शिकवले तेवढेच ते ओळखते. पण मुलाच्या मनावर ठसा एकच उमटतो: माझ्या आईचे बोलणे म्हणजे चूक.

2020 मध्ये शाळा बंद पडल्या आणि धडे मोबाईलवरून येऊ लागले, तेव्हा हा मास्तर दुर्गम पाड्यांवरही पोहोचला. त्याच वर्षी 29 जूनला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ती योग्यच होती. पण जागा रिकामी राहिली नाही. रील्स आल्या, शॉर्ट्स आल्या. अर्ध्या मिनिटाच्या या चित्रफितींचे गणित साधे आहे: जितके अधिक प्रेक्षक, तितका अधिक पैसा. अधिक प्रेक्षक हिंदीत. म्हणून पाड्यावरचा मुलगाही कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की 'तो दोस्तों' म्हणून सुरुवात करतो. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हिंदीशी आपले वैर नाही. ती राष्ट्राला जोडणारी भगिनी आहे. पण पाहुणी आलेली बहीण आणि घरच्या सुनेला बाहेर काढून चूल ताब्यात घेणारी बाई यांत फरक आहे, आणि तो फरक दाखवणे म्हणजे भाषाद्वेष नव्हे.

काय जाते आहे, ते नावानिशी पाहावे. नागली, वरई, खुरासणी ही केवळ धान्ये नाहीत. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याला 'राब', लावणीला 'आवणी', धान्याच्या देवीला 'कणसरी' म्हणणाऱ्या समाजाचे ते शेतीशास्त्र आहे. याच डोंगरातील माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात आणि 'थिनिंग', 'डिपिंग' शिकून येतात. नव्या कामाचा नवा शब्द आला, याला हरकत नाही. पण त्यांच्या 'राब', 'आवणी'ला आपल्या कृषी ॲपमध्ये, आपल्या पाठ्यपुस्तकात, आपल्या संदेशांत जागा मिळाली का? देवाणघेवाण म्हणायची तर देणे-घेणे दोन्ही हवे. इथे नुसते घेणे आहे.

आणि शहरी मध्यमवर्गाने फार फुशारकी मारू नये. आपण तरी काय लिहितो? सकाळी फुलांच्या चित्रावर 'शुभ सकाळ'. मृत्यूची वार्ता आली की 'भावपूर्ण श्रद्धांजली', तीही दुसऱ्याने लिहिलेली उचलून खाली डकवलेली. एका गटात दीडशे माणसे आणि दीडशे वेळा तेच दोन शब्द! 'फार वाईट झालं हो', 'आता तुम्हीच धीर धरा', 'काही लागलं तर हक्कानं सांगा' ही वाक्ये मराठी माणसाच्या तोंडून हरवत चालली आहेत. ज्या भाषेत दुःखाचे सांत्वनही छापील होते, तिच्या अभिजातपणाचा गौरव कोणत्या तोंडाने करायचा?

पाट आपल्यालाही काढता येतो

'भाषा बदलतेच' म्हणणाऱ्यांना उत्तर आपल्याच इतिहासात आहे. फारसी शब्दांनी राज्यकारभाराची मराठी व्यापली होती, तेव्हा छत्रपती शिवाजी महाराजांनी 'काळाचा ओघ' म्हणून हात जोडले नाहीत. त्यांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. सर्व शब्द रुळले असे नाही. परंतु राजाने भाषेकडे राज्याचा विषय म्हणून पाहिले, हे महत्त्वाचे.

याच नाशिक जिल्ह्यातील भगूरला जन्मलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली, तेव्हा त्यांची यथेच्छ टिंगल झाली. आज टिंगल करणाऱ्यांचे वारसही दिनांक लिहितात, क्रमांक देतात, चित्रपट पाहतात, दिग्दर्शकाची स्तुती करतात आणि महापौरांना निवेदन देतात. सावरकरांचे सूत्र आंधळे नव्हते. परकी वस्तूबरोबर आलेला शब्द, जिला आपल्याकडे नावच नाही, तो घ्यायला त्यांची ना नव्हती. आपला शब्द जिवंत असताना त्याला मारून परका आणण्याला त्यांचा विरोध होता. त्यांनी लिपीशुद्धीचाही आग्रह धरला तो मुद्रणाची आणि टंकलेखनाची यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून. यंत्र लिपीला वाकवणार, तर लिपी वापरणाऱ्याने यंत्राकडे वेळीच लक्ष दिले पाहिजे, हे त्या द्रष्ट्याने जवळजवळ शतकापूर्वी ओळखले होते.

अलीकडची उदाहरणेही आहेत. 'भ्रमणध्वनी' शासकीय पत्रकांत अडकून पडला, पण 'संकेतस्थळ' आणि 'दुवा' रुळले, कारण लोकांनी ते आपणहून वापरले. आणि कोल्हापूरकडे पाहा. 'नाद खुळा', 'भावा', 'विषय हार्ड' ही बोलणी कोणत्याही शासन निर्णयाने पसरली नाहीत. समाजमाध्यमांवरूनच ती सातारा-सांगली ओलांडून नागपूर-नाशिकपर्यंत पोहोचली. त्यात एक शब्द इंग्रजी आहे, तरी ठसका अस्सल रांगड्या मराठीचा. म्हणजे मोबाईल बोलीला मारतोच असे नाही. तो तिला खांद्यावर घेऊन मिरवूही शकतो. मग कोल्हापूरच्या बोलीला जे साधले ते सुरगाण्याच्या बोलीला का साधू नये? उत्तर कटू आहे. कोल्हापूरकराला आपल्या बोलण्याची लाज वाटत नाही. सुरगाण्याच्या मुलाला ती वाटते, आणि ती लाज त्याला यंत्राने नव्हे, प्रथम आपण शिकवली. वसतिगृहात, कार्यालयात, बसस्थानकावर त्याच्या उच्चारांना हसणारे ओठ प्रमाण मराठीचेच होते.

तरीही त्या समाजाने हार मानलेली नाही. कोकणी बोलीतील गाणी, पावरीचे सूर, विनोदी चित्रफिती यूट्यूबवर आज पाहायला मिळतात. बोहाड्याची सोंगे मोबाईलवर चित्रित होतात. काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवून, तिच्यावरून बोटे फिरवत रात्र-रात्र कथा सांगण्याची परंपरा या डोंगरांत आहे. या परंपरेतली कुंकणा रामकथा डाह्याभाई वाढू यांनी संकलित करून ग्रंथरूपात आणली. रामाची कथा ज्या बोलीने पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपली, ती बोली 'अशुद्ध' म्हणणाऱ्याने शुद्धीचा अर्थ पुन्हा तपासावा. बोली ही प्रमाण भाषेची शत्रू नाही. नव्या शब्दांची ती खाण आहे.

तेव्हा करायचे काय? घरापासून आरंभ करावा. मराठी लिहायचे तर देवनागरीतच, हा नेम प्रत्येक कुटुंबाने आपल्या गटात आजपासून धरावा. त्याला आता एक पैसाही अधिक पडत नाही. सांत्वन आणि अभिनंदन स्वतःच्या शब्दांत लिहावे, दोनच ओळी असोत. पाड्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी मुलांची बोली सुधारण्याऐवजी आधी ती शिकावी. थाळीवरच्या कथा, आवणीची गाणी, वनस्पतींची नावे ध्वनिमुद्रित करावीत, आणि ती त्या समाजाच्या संमतीने व त्याच्याच नावाने जपावीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्याचा अर्थ सुरगाण्यात कोकणी असा होतो, हे शिक्षण खात्याला निवेदन देऊन विचारावे. भारतीय भाषांना यंत्राची वाचा देण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये 'भाषिणी' प्रकल्प आणला. त्याचा भर आठव्या अनुसूचीतील 22 भाषांवर आहे. कोकणीसारख्या बोलींचा आवाज तिथवर पोहोचवणे हे खासदार-आमदारांचे काम आहे आणि त्यांना त्याची आठवण देणे हे आपले.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले. ते वाटायलाच हवे होते. पण कळसाला सोन्याचा मुलामा देताना पायाचे दगड निखळत असतील, तर देऊळ किती दिवस उभे राहील? भाषेची नदी वाहते आहे, हे मान्य. तिचे पाणी कोणाच्या शेतात जाते आहे, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे, आणि फावडे हाती घेण्याचे कर्तव्यही आपलेच आहे.